एकशे अकरा मिलीमीटर

१

सिदूला बाहेर काढायला टाकीचा पत्रा गॅसकटरनं कापावा लागला. अडीच वाजता सोयाबीनच्या लोंढ्याबरोबर आधी त्याचे पाय आले, मग तो. चार वाजता पोलिसांनी जलीलमामूंना जीपमध्ये बसवलं. दिवस मावळायच्या आत नळदुर्गच्या टपऱ्यांवर निकालही लागला: मोटार मामूनं चालू केली, म्हणजे सिदूला मामूनं मारलं.

मला हे हर्षालीनं फोनवर सांगितलं. हैदराबाद रस्त्याला सोयाबीनचं जे मोठं गोदाम आहे, तिथल्या लॅबमध्ये ती मालातली ओल तपासते. रडत रडत बोलत होती. "ताई, मॅनेजरसाहेबांनी जबानीत तुमचंबी नाव घेतलंय. म्हनले, एक तर त्या बाईचं रडार बिघडलेलं व्हतं, न्हायतर जलीलनं मुद्दाम केलं."

माझं डोकं फिरलं. ते तसं लवकरच फिरतं, पण त्या दिवशी फिरलं ते थांबलंच नाही.

मी सोनाली. टायरच्या दुकानावरच्या खोलीत मी अंतर मोजायची यंत्रं बनवते. यंत्राचा जीव म्हणजे नखाएवढी एक रडारची चिप. लहर सोडणारा भाग तिच्यातच, परत आलेला प्रतिध्वनी ऐकणारा भागही तिच्यातच. धूळ असो, काळोख असो, समोरची वस्तू किती लांब आहे हे ती मिलीमीटरपर्यंत सांगते. श्वास घेताना माणसाची छाती दोन-चार मिलीमीटर हलते, तेवढंही तिला कळतं. फक्त धातूच्या पलीकडचं तिला दिसत नाही.

त्या गोदामाच्या टाकीच्या छतावर मीच ते यंत्र बसवलं होतं. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन टाकीच्या भिंतीला चिकटतं आणि त्याची जाड थापी बनते. ती पाडायला माणूस बांबू घेऊन आत उतरतो. तेव्हाच माल बाहेर ओढणारी खालची मोटार चालू झाली, की पायाखालचे दाणे सरकतात आणि माणूस चिखलात रुतावा तसा रुतत जातो. म्हणून माझ्या यंत्राला आत श्वास दिसला, की खालच्या पॅनेलवर लाल दिवा लागतो आणि मोटार चालूच होत नाही. श्वास नसेल तर हिरवा.

"आत माणूस असताना हिरवा दिवा लागणार नाही," हे मी सगळ्या कामगारांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं. पहिल्या रांगेत सिदू बसला होता.

पोलीस ठाण्यातल्या साहेबांना मी गाठलं. ते सरळ बोलले. "उद्या दुपारी दोनला त्याला कोर्टात उभं करायचंय. खुनाचं कलम लावा म्हणून बाहेर लोक बसलेत. तोवर हातात काही आलं तर आणा. मामू चांगला माणूस आहे, हे ऐकायला मला वेळ नाही."

मग त्यांनी पॅनेलची नोंद माझ्यापुढं सरकवली. अकरा सव्वीसला मोटार चालू झाली होती. आणि दिवा खरोखरच हिरवा होता.

२

मोटारीच्या पॅनेलवर बसणारे जलीलमामू छप्पन्न वर्षांचे. यंत्र बसवताना उन्हात तीन तास माझी शिडी धरून उभे राहिलेला माणूस. आता कोठडीत दुखरे गुडघे चोळत बसले होते.

"बेटी, हिरवा दिवा लागल्याबिगर म्या आजवर बटण दाबलं न्हाय."

"आधी लाल होता का?"

"व्हय. सव्वाअकराला लाल झाला. म्हंजी कुणीतरी आत उतरलं. म्या गप बसून ऱ्हायलो. सात-आठ मिन्टांनी हिरवा झाला. म्हनलं, निघाला भाईर. तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा फोन. जलील, हिरवा आहे ना, मग लाव की मोटार, ट्रका खोळंबल्यात. लावली."

"पुढं?"

"आठ मिन्टं चालली. मग दिवा आपसूक लाल झाला आन् मोटार बंद पडली. पुन्हा साहेबांचाच फोन. म्हनले, मशीन बिघडलंय, तू जागेवरच बस, कशाला हात लावू नको. बसलो."

"तुमचं आणि सिदूचं भांडण झालं होतं म्हणे?"

"टाकीखाली बिडी वढत व्हता. सोयाबीनची धूळ पेटली तर धा माणसं जातील. म्हनलं, असाच एक दिवस मरशील बघ." त्यांनी कपाळाला हात लावला. "मायेनं बोललेलं आता माझ्याच नावावर लिवलंय."

निघताना त्यांनी विचारलं, "हरणाबाई काय म्हनती?"

हरणाबाई म्हणजे सिदूची बायको. ती ठाण्याबाहेरच्या लिंबाखाली बसली होती आणि मामूंच्या सात पिढ्यांना शाप देत होती. मी म्हटलं, "ती बोलण्याच्या स्थितीत नाही." कोठडीपर्यंत तिचा आवाज येत होता, त्यामुळे माझं खोटं त्यांना कळलंच.

३

सकाळी सातला मी पोलिसांच्या माणसाला घेऊन गोदामाच्या छतावर चढले. पॅनेलला फक्त निकाल जातो, लाल की हिरवा. पण यंत्राच्या पोटात एक कार्ड असतं. त्यात प्रत्येक सेकंदाला काय दिसलं, ते कच्च्या स्वरूपात साठतं. हे कार्ड मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. गिऱ्हाईक यंत्राला शिव्या घालतं तेव्हा कामाला येतं.

कार्ड काढताना बोटांना चिकट लागलं. यंत्राचं पांढरं, वाटीएवढं चपटं तोंड छताच्या आतल्या बाजूला, उतरायच्या दाराशेजारीच असतं. त्याच्याभोवती गोल चिकटपट्टीचा डिंक होता. मी तिथं कधीच चिकटपट्टी लावली नव्हती.

खाली उतरले आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसले. कृष्णराज नाव. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला. इस्त्रीचा शर्ट, पायात जाड बूट, तोंडात मध.

"या मॅडम. वाईट झालं. पण नखाएवढ्या चिपवर माणसाचा जीव टांगायचा नसतो, हे मी मालकांना तेव्हाच सांगितलं होतं."

चोराच्या उलट्या बोंबा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो चोर आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. म्हणून गिळलं.

"मामूंना मोटार लावायला तुम्ही सांगितलंत?"

"ट्रक लवकर भरा, एवढंच म्हणालो. आत माणूस आहे की नाही ते बघणं त्याचं काम. मी सकाळपासून इथंच होतो, याच खुर्चीत. सुपरवायझर शिवराज बारा वाजून वीस मिनिटांनी ओरडत आला, तेव्हा मला कळलं."

"सिदूला आत कुणी पाठवलं?"

"ही माणसं कुणाला विचारून जातात का? गेला असेल मनानं." त्यानं मान हलवली. चेहऱ्यावर दुःख ठीकठाक बसवलं होतं. "बिचारा! एक हात वर केलेला, तोंड दाराकडं. शेवटपर्यंत वाट बघत असणार कुणीतरी येईल म्हणून. डोळ्यांपुढून जात नाही हो."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही थोडं आलं, आणि त्याचा मला नंतर किती राग आला ते सांगता येत नाही.

४

शिवराज हा तिथला सुपरवायझर, मूळचा ईट गावचा. टाकीवरची कामं त्याच्याकडं. वजनकाट्यापाशी उभा होता. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"सिदू आत आहे, हे तुला कळलं कसं?" मी विचारलं.

"चपलांवरनं. बारा वीसला वर गेलो, तर दाराशी त्याच्या चपला."

"म्हणजे?"

"ताई, दाणं म्हंजी लक्ष्मी. तिच्यावर चपला घालून कोन उतरतं? आमी समदे दाराशीच काढतो. वर चपला दिसल्या की समजायचं, आत माणूस हाय. लेकराला बी ठावं हाय इथल्या."

"कृष्णराजसाहेबांना?"

"ते कधी आत उतरतात? आन् उतरले तर बुटासकट." शिवराज थुंकला. "म्या आत वाकून पाहिलं. हाका मारल्या. कायबी दिसत नव्हतं, नुसतं सपाट सोयाबीन. वरनं धा माणसांनी पाहिलं, कुनाला काय दिसलं न्हाय. तवा खालनं पत्रा कापला."

मी त्याच्यापुढं डिंकाचं बोट धरलं.

"हे तू लावलंस?"

"ताई..."

"बोल!"

मग त्यानं सांगितलं. छताच्या फटीतनं कबुतरं आत येत, दिवा लाल होई, मोटार अडे. शिवाय मोटार चालू असताना भिंतीची थापी लवकर सुटते. म्हणून गेले दोन महिने तो यंत्राच्या तोंडावर स्टीलचा मग उपडा लावून वरनं चिकटपट्टी मारत होता. यंत्र आंधळं झालं की दिवा हिरवा.

"पण म्या सोता दोर धरून दाराशी उभा ऱ्हायचो, ताई. मानसाच्या कमरंला दोर बांधल्याबिगर कधी न्हाय. आन् काल म्या वर गेलोच न्हाय. धापासनं बारापस्तोर काट्यावर व्हतो. क्यामेऱ्यात बगा."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. लोकांनी काटा सोडून आमच्याकडं पाहिलं. मी जीव वाचवणारं यंत्र बनवते आणि हे महाभाग त्याच्या डोळ्यावर मग बांधतात! पण कॅमेरा मी पाहिला. शिवराज दहा ते बारा काट्यावरच होता, आणि त्याचा मगही त्याच्यासमोर पाण्याच्या जारवर होता.

म्हणजे काल यंत्राचे डोळे दुसऱ्याच कुणीतरी बांधले होते. आणि दोर मात्र कुणीच धरला नव्हता.

५

हर्षालीच्या लॅबमध्ये बसून मी कार्ड उघडलं.

अकरा पंधरा: दार उघडतं. एक माणूस उतरतो. छाती हलतेय, मिनिटाला अठरा श्वास. दिवा लाल. यंत्र बरोबर होतं.

अकरा बावीस: माणूस नाहीसा, सोयाबीनही नाहीसं. समोर फक्त एक कडक, स्थिर प्रतिध्वनी. अंतर एकशे अकरा मिलीमीटर. ते बारा मिनिटं तसूभरही हललं नाही.

अकरा चौतीस: प्रतिध्वनी गेला. पुन्हा टाकी दिसू लागली.

"हर्षाली," मी म्हटलं, "यंत्राच्या तोंडावर एक भांडं उपडं लावलं होतं. तोंडापासून बुडापर्यंत ते एकशे अकरा मिलीमीटर खोल आहे. हे भांडं सापडलं की माणूस सापडला."

मी पट्टी घेतली आणि त्या गोदामात जेवढी भांडी होती तेवढी मोजली. शिवराजचा मग चौऱ्याण्णव. मामूंचा जेवणाचा डबा सत्तर. केबिनमधला पाण्याचा जग दोनशेच्या वर. चहावाल्याची किटली, पेले, पंपाजवळचं डबडं, देवघरातला तांब्यासुद्धा. एकही एकशे अकरा भरेना. साडेदहा वाजून गेले. दोनला मामू कोर्टात.

शेवटी टेबलावर हर्षालीचं स्टीलचं माप होतं, सोयाबीनचा नमुना वजन करायला घेतात ते. तेही मोजलं. एकशे अठरा. मी वैतागून ते आपटलं.

"सावकाश ताई, नवं हाय ते," हर्षाली म्हणाली.

"नवं कधी आलं?"

"आज सकाळीच. साहेबांनी सोता आणून दिलं. जुनं कालपासनं सापडंना."

"जुनं असंच होतं का?"

"अगदी ह्येच. फकस्त त्याचं बूड आत गेलेलं. मागं माझ्याच हातनं पायरीवर पडलं व्हतं." तिनं भिंतीकडं बोट केलं. तिच्याच अक्षरात कागद चिकटवलेला होता: मापाचं बूड आत गेलं आहे, त्यात माल कमी बसतो, दर वजनात अकरा ग्रॅम मिळवावेत.

"किती आत गेलं होतं?"

तिनं बोटाचं अर्धं पेर दाखवलं. मी पट्टी धरली. सात मिलीमीटरच्या आसपास. एकशे अठरातून सात गेले.

"काल अकराच्या सुमारास इथं कोण आलं होतं?"

हर्षालीनं दाराकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. "म्या ट्रकमधला नमुना काढायला भाईर गेले, तवा साहेब हितं रिपोर्ट बघत बसले व्हते. आले तवा साहेब न्हाईत आन् मापबी न्हाय. चिकटपट्टीची रीळ फरशीवर पडलेली."

हे खरं, पण एका घाबरलेल्या पोरीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? माप हातात हवं होतं. कृष्णराज छतावरून उतरला तेव्हा अंगणात ट्रकवाले बसले होते. स्टीलचं माप हातात घेऊन त्यांच्यासमोरून तो कसा येईल?

मी पुन्हा कार्डाकडं वळले. अकरा पस्तीस. वरून काहीतरी खाली पडलं होतं. छोटं, आणि कबुतरापेक्षा कितीतरी लखलखीत. धातू.

त्यानं ते माप टाकीत टाकलं होतं. आणि त्याच क्षणी खाली, त्या मापापासून हातभर अंतरावर, आणखी काहीतरी हलत होतं. ते काय आहे हे कळल्यावर मी ठाण्यातल्या साहेबांना फोन लावला.

६

साडेबाराला ठाण्यातले साहेब आले. मी हट्टच धरला होता म्हणून जीपमध्ये मामूही होते. मागच्या टमटममधून हरणाबाई आणि तिचे भाऊ. मामूंना बघून ती पुन्हा तोंड सोडून ओरडली. मामूंनी मान वर केली नाही.

कापलेल्या पत्र्याखाली सोयाबीनचा ढीग पडलेला होता. मी एका कागदावर आकडा लिहिला, घडी केली आणि साहेबांच्या खिशात ठेवली. "ढीग चाळा," मी म्हटलं. "यात एक भांडं आहे. सापडल्यावर ते तुम्हीच मोजा. मग चिठ्ठी उघडा."

"हा काय तमाशा आहे?" कृष्णराज केबिनच्या पायरीवरून म्हणाला.

सांगायची गरज पडली नाही, कामगारांनी स्वतःच चाळण्या घेतल्या. सिदूबरोबर काम केलेली माणसं होती ती. पाऊण तास लागला. मग एका बाईची चाळण खणकली.

बूड आत गेलेलं माप. कडेला अजून लोंबणारी चिकटपट्टी. साहेबांनी पट्टी आत घातली आणि मोजलं. मग चिठ्ठी उघडली. दोन्हीकडं एकशे अकरा.

"हे मामूंनी लावलं असेल असं म्हणाल," मी म्हटलं, "पण मामूंनी मोटार पॅनेलवरून लावली, आणि पॅनेल जमिनीवर आहे. चार मिनिटांत चाळीस फुटांची शिडी उतरतील असे त्यांचे गुडघे नाहीत. शिवराज कॅमेऱ्यात आहे. हर्षाली ट्रकवर होती, ड्रायव्हर सांगतील. राहिलं कोण?"

"मी केबिनमध्ये होतो!"

"मग सिदूचा हात वर होता, हे तुम्हाला कसं माहीत?"

त्यानं केबिनच्या दाराकडं पाहिलं.

"तोंड दाराकडं होतं, हेही तुम्हीच सांगितलंत. बारा वीसला दहा माणसं वाकून बघत होती, त्यांना सपाट सोयाबीन दिसलं. खालून काढला तेव्हा आधी पाय आले. हात वर केलेला सिदू या गोदामात कुणीच पाहिला नाही. ज्यानं अकरा चौतीसला दारातून आत पाहिलं, त्यानंच तो पाहिला."

"मी... अंदाजानं म्हणालो."

"आणि माप टाकलंत, पण शेजारच्या चपला तशाच ठेवल्यात. इथल्या कुणालाही त्या चपला म्हणजे काय ते कळलं असतं. ज्याला लपवायचं होतं त्यानं त्या पहिल्यांदा उचलल्या असत्या. तुम्हाला त्या नुसत्या चपला वाटल्या. दोन वर्षं या माणसांच्या जिवावर पगार घेतलात आणि ती पाय कुठं ठेवतात हेसुद्धा बघितलं नाहीत."

साहेबांनी चिकटपट्टी उजेडात धरली. आतल्या बाजूला अंगठ्याचा ठसा स्वच्छ उठलेला होता. "हात दाखवा," ते म्हणाले.

कृष्णराज पायरीवर बसला. मग सगळं घडाघडा बाहेर आलं. ट्रक थांबले होते, मालकाचे फोन येत होते, शिवराज काट्यावर अडकला होता. त्यानंच सिदूला आत पाठवलं. शिवराज यंत्रावर स्टीलचा मग बांधतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं लॅबमधलं माप बांधलं. दोराची गोष्ट त्यानं कधी विचारलीच नव्हती. "मी मारलं नाही," तो म्हणत राहिला. "बघितलं तेव्हा सगळं संपलं होतं. मी घाबरलो, बस्. तो अपघात होता."

साहेबांनी मामूंच्या हातातली बेडी काढली. इथं गोष्ट संपायला हवी होती. पण त्यानं 'सगळं संपलं होतं' म्हटलं, आणि ते खोटं होतं.

७

मी लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर ठेवला.

"अकरा चौतीसला यानं माप काढलं. काढल्याबरोबर यंत्राला दिसू लागलं आणि त्यानं मोटार बंद केली. दिवा लाल झाला. लाल कधी होतो, मामू?"

मामूंचे ओठ हलले. "आत श्वास असला तर."

"सिदू छातीपर्यंत रुतला होता. डोकं आणि एक हात वर. मिनिटाला बावीस श्वास. यानं ते पाहिलं. वरून माप खाली टाकलं, दार लावून घेतलं आणि निघून आला. एक दोर हवा होता. एक हाक मारायची होती. इथं चाळीस माणसं होती."

साहेबांनी कृष्णराजचा फोन मागून घेतला. अकरा पस्तीस ते बावन्न या वेळात पाच फोन होते. पहिला मामूंना, जागेवर बस म्हणून. तीन मालकाला. एक वकिलाला. ॲम्ब्युलन्सला एकही नाही.

"अकरा बावन्नला भिंतीची थापी सुटली आणि त्याच्यावर आली," मी म्हटलं. "तोपर्यंत तो जिवंत होता. अठरा मिनिटं. हा माणूस त्या अठरा मिनिटांत वकिलाशी बोलत होता."

"पत्रा वाजत व्हता," मामू म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मोटार बंद झाल्यावर. ठक ठक, असा. म्या म्हनलं, उन्हानं पत्रा तापला की वाजतो, तसा वाजतोय. त्याच्या हातात बांबू व्हता ना? म्या खाली स्टुलावर बसलो व्हतो, हितं, धा पावलावर. साहेब म्हनले बस, म्हनून बसलो." त्यांनी टाकीच्या पत्र्यावर हात ठेवला. "म्या बसलो, बेटी."

हरणाबाई पुढं आली. मला वाटलं मामूंच्या अंगावर जाते. ती त्यांच्या शेजारून गेली आणि माझ्यापुढं उभी राहिली.

"त्याचा श्वास कंचा, दाव."

मी पडद्यावरची वर-खाली जाणारी रेघ दाखवली. तिनं रेघेवर बोट ठेवलं आणि हळूहळू उजवीकडं नेलं, रेघ सपाट होते तिथपर्यंत. तिथं बोट थांबलं.

पोलिसांनी कृष्णराजला दंडाला धरून जीपकडं आणलं. हरणाबाई जीपच्या दारात आडवी झाली.

"थांबा," ती साहेबांना म्हणाली. "अठरा मिन्टं ह्याला हितंच उभा करा. म्या मोजते."

"बाई, कायद्यात असं—"

"माझा मानूस अठरा मिन्टं वाट बगत व्हता. तुमाला तेवढा टायम न्हाय व्हय?"

साहेबांनी घड्याळात पाहिलं. मग टोपी काढून काखेत धरली आणि हवालदाराला खूण केली.

शिवराजनं मोबाइलवर वेळ लावून तिच्या हातात दिला. कामगार जवळ आले आणि गोल करून उभे राहिले. कुणी त्याला हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. मलाही नुसतंच उभं राहता आलं, आणि मला तर त्याचा गळा धरायचा होता. चौथ्या मिनिटाला त्यानं पाणी मागितलं. कुणी हललं नाही. सातव्या मिनिटाला तो म्हणाला, "झालं ना आता?" नवव्या मिनिटाला त्याला रडू कोसळलं आणि तो मोठ्यानं म्हणाला, "कुणीतरी बोला की!"

"अजून निम्मं बी झालं न्हाय," हरणाबाई म्हणाली.

हवालदार मामूंच्या जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "चाचा, तुम्ही सुटलात. घरी जा."

मामू गेले नाहीत. ते पत्रा कापलेल्या टाकीला पाठ लावून, दुखऱ्या गुडघ्यांवर, पूर्ण अठरा मिनिटं उभे राहिले. वेळ संपली तेव्हा हरणाबाईनं मोबाइल शिवराजला परत दिला, जीपच्या दारातून बाजूला झाली आणि मामूंपाशी आली.

"बसा आता, जलीलभाई," ती म्हणाली.

त्यांना बसता येईना. मग आम्ही दोघींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खाली बसवलं.